बोकडाच्या कातड्याची वादी

लिसिलाचा मुलगा मिक्कोस अकराव्या वर्षी तापाने गेला, तेव्हा तिला धड रडूही दिलं नाही. कायदाच होता तसा. प्रेतामागून जाताना बायकांनी ऊर बडवायचा नाही, शब्द जुळवून विलाप करायचा नाही. पुरुषांच्या कानांना त्रास होतो म्हणे. लिसिलाचा नवरा आधीच गेलेला, घरचा कर्ता तिचा दीर ओनेसोस. वाटेत तिने तोंड उघडलं मात्र, त्याने तळहाताने ते दाबून धरलं.

"कायदा आहे, वहिनी. चारचौघांत शोभतं का हे?"

मग ती घरी रडायची. मागावर बसली की रोज तेच म्हणायची, "आत्ताच तर तुझ्या वहाणेला नवी वादी घातली रे. आता ती झिजवणार कोण?" भिंतीपलीकडे खारिनोस राहायचा. तो नाटकं रचायचा. त्याला स्वतःचं फारसं काही सुचत नसे, पण कान मोठे तिखट होते.

थंडीत दिओनिसस देवाच्या उत्सवाला त्याचं नाटक झालं. अख्खा इकारिया गाव टेकडीच्या उतारावर बसला होता, पुरुष पुढे, बायका मागे. ओनेसोस लिसिलाच्या पुढ्यातच होता. बाईचा मुखवटा चढवून खारिनोस स्वतःच राणी झाला होता. मेलेल्या राजपुत्रापुढे तो गुडघ्यांवर बसला, दोन्ही हातांनी छाती बडवू लागला आणि गाऊ लागला.

"आत्ताच तर तुझ्या वहाणेला सोन्याची वादी घातली रे. आता ती झिजवणार कोण?"

लिसिलाने ते लगेच ओळखलं. तिचे शब्द, तिचा हेल, शेवटी अडकणारा श्वाससुद्धा. फक्त मिक्कोसचं नाव कुठे नव्हतं. उतारावरचे पुरुष ढसाढसा रडत होते. ओनेसोसची दाढी भिजली होती. सख्ख्या पुतण्यासाठी त्याने टिपूस गाळलं नव्हतं, आणि ह्या खोट्या राजपुत्रासाठी हुंदके देत होता. तिला त्याची किळस आली.

"कातड्याची," ती म्हणाली. मग जरा मोठ्याने, "बोकडाच्या कातड्याची होती वादी. माझ्या मिक्कोसची."

ओनेसोस मागे वळला. डोळे लाल, नाक वाहतंय.

"गप्प बसा हो, वहिनी," तो म्हणाला. "जरा रडू द्या की माणसाला."