खडूची रेघ

थोरल्या बाईंनी बोटाच्या पेरानं मडकं वाजवून त्यावर खडूची रेघ ओढली, की ते विकायला मोकळं. चाळीस वर्षं कारखान्यात हाच कायदा होता. भट्टीपासून दहा पावलांवर त्यांचं स्टूल, आणि त्यावर बसायची दुसऱ्या कुणाची छाती नव्हती. खणखणीत वाजलं ते पक्कं, बद्द वाजलं ते तडकलेलं. "माणूस खोटं बोलेल, माती नाही," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या.

त्यामुळे शाळेनं नातीला घरच्या कामातलं विज्ञान दाखवणारा व्हिडिओ करायला सांगितला, तेव्हा त्या केस विंचरून, खडू कानावर खोचून तयार बसल्या. पोरगी आठवडाभर फोन घेऊन कारखाना पालथा घालत होती. रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर तिनं फोन तांब्याला टेकवून उभा केला.

"उद्या सगळ्या शाळेसमोर लागणार आहे. आधी तू बघ, आजी."

"आवाज वाढव की. कुजबुजतेस काय त्यात?"

"पूर्ण वाढवलाय."

"मग तुझा फोनच मुका."

पडद्यावर आधी त्यांचाच हात आला. खाली आवाजाची एक हिरवी रेघ थरथरत होती. नातीनं कानाशी वाकून समजावलं, की मडकं धड असेल तर रेघ लांबवर थरथरते, तडा असेल तर लगेच मरते. थोरल्या बाई खुशीत मान डोलवत होत्या. मग माल बांधायची खोली दिसली आणि त्यात सून दिसली. तिनं खडूची रेघ असलेलं एक मडकं उचललं, कानाशी धरून वाजवलं, गवतात ठेवलं. दुसरंही ठेवलं. तिसऱ्यावरची रेघ तिनं ओल्या फडक्यानं पुसली आणि ते फुटक्यांच्या ढिगात टाकलं.

मग अक्षरं आली. अक्षरांशी त्यांचं कधी जमलं नव्हतं, आकडे मात्र येत होते. साठ. खाली नऊ.

"तू पास केलेली साठ, त्यातली आईनं काढलेली नऊ," नात उत्साहानं म्हणाली. "सर म्हणाले, हाच भाग सगळ्यांत चांगला. दोनदा तपासणं म्हणजे खरं विज्ञान."

मोरीत भांडी घासणाऱ्या सुनेचे हात थांबले.

"कधीपासून?" थोरल्या बाईंनी विचारलं.

सुनेचे नुसते ओठ हलले.

"मोठ्यानं बोल. गुळणी धरलीस तोंडात?"

"दोन वर्षं झाली, आई. भट्टीवाल्याला काढलं तेव्हापासून."

दोन वर्षांपूर्वी गिऱ्हाइकं गळकी मडकी परत आणून आदळायला लागली होती. थोरल्या बाईंनी भट्टीवाल्याला चारचौघांत फैलावर घेतलं. आच नीट लावता येत नाही, हातात कस राहिला नाही. एकोणीस वर्षं भट्टी सांभाळलेला माणूस एवढंच म्हणाला, "बाई, भट्टी बरोबर आहे. एकदा दुसऱ्या कुणाकडून वाजवून बघा." त्यावर त्यांनी त्याला त्याच पावली बाहेर काढलं. तो गेला आणि तक्रारी थांबल्या. बघा, मी म्हणत नव्हते, असं त्या दोन वर्षं गावभर सांगत आल्या होत्या.

"मला सांगायचं नाही?"

सुनेनं हात पुसले. "ज्यानं सांगितलं, त्याचं काय झालं ते बघितलं होतं मी."

या घरात थोरल्या बाईंना असं कुणी प्रथमच सुनावत होतं. नात दोघींकडे बघून कावरीबावरी झाली.

"तो भाग काढून टाकू का, आजी? कुणाला कळणार नाही."

थोरल्या बाईंनी कानावरचा खडू काढून तांब्याशेजारी ठेवला. "काढलास तर तुझं विज्ञान बरोबर येतं?"

"नाही येत."

"मग गप राहू दे." त्या उठल्या. "भट्टीवाला कुठं असतो आता?"

"पाइपांच्या गोदामावर राखणीला आहे," सून म्हणाली. "रोज आपल्याच दारावरून जातो. मान खाली घालून."

चपला पायांत सरकवून त्या दारापर्यंत गेल्या. तिथं चौकटीला हात टेकून थांबल्या. मागं वळून न बघताच त्यांनी सुनेला हाक मारली.

"तूही चल. तो काय बोलेल ते मला सांगायला कुणीतरी हवं. आणि सगळं सांग. शिव्या दिल्या तर त्यासुद्धा."