न उघडलेल्या टाक्या

स्टिकर सोलून निघाला आणि ओलीटाच्या तोंडून अशी शिवी बाहेर पडली की ही बाई दर रविवारी चर्चमध्ये गाते हे कुणाला सांगून पटलं नसतं.

शनिवारची सकाळ होती. झऱ्यांच्या गावात शनिवार म्हणजे हवा भरून घेणाऱ्यांची झुंबड. हौशी पाणबुडे पार ओहायोपासून गाड्या हाणत येतात, गाड्यांच्या मागे पाठीवर बांधायच्या हवेच्या टाक्या खणखणत असतात, आणि प्रत्येकाला आपलीच टाकी आधी भरून हवी असते. ओलीटा पहाटेपासून आपल्या दुकानातल्या हवा भरण्याच्या खोलीत उभी होती. रांगेत आता मर्ल स्टोकलीच्या टाक्या होत्या. दोन पोलादी टाक्या, पट्ट्यांनी एकमेकींना जखडलेल्या, खांद्यापर्यंत चिखलाने माखलेल्या. हा चिखल आपल्या नळीला लागायला नको म्हणून तिने ओला ब्रश फिरवला, आणि तपासणीचा स्टिकर कोपऱ्यातून उठला. तो परत दाबून बसवायला गेली तर खाली आणखी एक स्टिकर, गेल्या वर्षीचा. तोही निघाला. त्याच्या खाली पोलादात ठोकलेला दाबचाचणीचा शिक्का होता, आणि त्यावरची तारीख सात वर्षांपूर्वीची होती.

दाबचाचणी पाच वर्षांतून एकदा व्हायलाच हवी. टाकी गेन्सव्हिलच्या चाचणी केंद्रात पाठवायची. तिथे ती पाण्याने भरून, पाण्याच्याच पिंपात बुडवून, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त दाब देतात. टाकी थोडी फुगते. दाब काढल्यावर पूर्ववत झाली तर नवा शिक्का, फुगलेलीच राहिली तर भंगार. आणि दर वर्षी दुकानात व्हॉल्व्ह काढून, आत दिवा सोडून गंज बघायचा, खांद्यावरचा शिक्का वाचायचा, मग स्टिकर लावायचा. हे काम ओलीटाच्या नवऱ्याचं, रॉयसचं. त्याचा स्टिकर दिसला की ती भरायची. वाकून शिक्का वाचायची तिला गरज नव्हती. नवऱ्याने वाचलेलं बायकोने पुन्हा कशाला वाचायचं?

त्यातून या भागाची रीत आणखी न्यारी. इथले लोक समुद्रात नाही, जमिनीखालच्या पाण्याने भरलेल्या गुहांत शिरतात. वर डोकं काढायला जागा नाही, म्हणून हवा जितकी जास्त तितकी बरी. मग जुन्या पोलादी टाक्या कारखान्याने ठरवून दिलेल्या दाबाच्या दीडपट भरायच्या. दुसऱ्या कुठल्या गावात असं भरून मागितलं तर दुकानदार हाकलून देईल. इथे नाही भरलं तर गिऱ्हाईक हाकलून देतं. ओलीटाही भरत आली होती. पण दुकान उघडलं त्या दिवशी तिने रॉयसला एक अट घातली होती: जादा भरायचं असेल तर तपासणीत एक दिवसाचीही सूट नाही, सख्ख्या भावालासुद्धा नाही. किनाऱ्याकडच्या एका दुकानाचं, टाकी फुटून उडालेलं छप्पर तिने स्वतः पाहिलं होतं. टाकी भरणाऱ्याचा पाय मांडीपासून गेला होता. मालकाला ओरखडासुद्धा आला नव्हता.

"रॉयस!"

रॉयस काउंटरवरून आला तो हसतच. बाहेर ओकच्या झाडाखाली मर्ल उकडलेल्या शेंगा खात ओहायोच्या दोघांना आपल्या बुड्यांच्या गोष्टी सांगत होता, त्यातलाच कुठला तरी विनोद रॉयसच्या चेहऱ्यावर शिल्लक होता.

"हे कोणी चिकटवलं?" ओलीटाने दोन्ही स्टिकर त्याच्या नाकासमोर धरले.

"काय ते?" रॉयसने वेड पांघरून पेडगावला जायची तयारी केली.

"अक्षर तुझं आहे. आत बघितलंस का?"

"अगं, मर्लच्या टाक्या आहेत त्या."

"मी विचारलं, आत बघितलंस का?"

"तो जिवापाड जपतो त्यांना. घरात, पलंगाशेजारी ठेवतो."

"म्हणजे नाही बघितलंस. आणि गेल्या वर्षी?"

रॉयसने मान खाजवली. एवढा साडेसहा फुटांचा गडी, पण खोटं पचवायची ताकद मांजराच्या पिल्लाइतकी. "ओलीटा, ज्या माणसाने मला गुहेच्या गाळातून दंडाला धरून बाहेर काढलं, त्याला मी म्हणू, काका, टाकी उघडून दाखवा? तो नसता तर आज मी असतो का?"

"मग त्याचे उपकार तू फेड ना! माझ्या जिवावर कशाला फेडतोस?"

"तुझ्या जिवाचा काय संबंध इथे?"

ओलीटाने दोन्ही स्टिकर बाकावर आपटले. ही खोली, ही नळी, आठवड्यातून दोन-तीनदा याच टाक्या, आणि हा बाप्या विचारतो संबंध काय!

आरडाओरडा ऐकून मर्ल दारात आला. सत्तरीचा, काटक, दाढीत शेंगेचं टरफल अडकलेलं. त्या भागातला देवमाणूस. अर्ध्या गावाला त्याने बुडी मारायला शिकवलेली, उरलेल्या अर्ध्याला उधारीवर दारू पाजलेली. त्याच्याविरुद्ध बोलणं म्हणजे भर चर्चमध्ये पाद्र्याला हटकण्यासारखं होतं.

"काय चाललंय नवरा-बायकोचं? लग्न मोडणार असेल तर आधी माझी हवा भरा, मग निवांत मोडा."

"तुमच्या टाक्या भरणार नाही मी, मर्ल. दाबचाचणी उलटून दोन वर्षं झाली. गेन्सव्हिलला पाठवा."

"पोरी, तू शाळेत जात होतीस तेव्हापासून या टाक्या माझ्या पाठीवर आहेत. कधी कुरकुरल्या नाहीत."

"मग चाचणीतही कुरकुरणार नाहीत. पाठवा की."

"तिकडे पाठवलेली जुनी टाकी परत येते का कधी?" मर्ल वैतागला. "ते लोक म्हणणार, फुगून राहिली, बाद. शिक्क्यावर फुल्या मारून देतील हातात. धडधाकट टाक्यांचा खून करतात लेकाचे! माझ्या या जोडीला त्यांच्या हातात द्यायला मी काय खुळा आहे?"

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. रॉयस जमिनीकडे बघत होता.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे," ओलीटा म्हणाली. "पास होणार नाहीत हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच पाठवत नाही. आणि यालाही ठाऊक होतं."

"ठाऊक कसलं त्यात? अंदाज गं," मर्ल म्हणाला. "आणि घाबरायचं तर मी घाबरावं. पाण्याखाली त्या माझ्या पाठीवर असतात, तुझ्या नाही."

"पाण्याखाली जाईपर्यंत त्या माझ्या पोटाला लागून असतात! टाकी फुटते ती भरताना फुटते, हे तुम्हीच शिकवलंत सगळ्यांना. तेव्हा तुम्ही कुठे असता? झाडाखाली शेंगा खात!"

मर्लचं तोंड लाल झालं. त्याच्याशी असं कुणी बोललं नव्हतं, बायकांपैकी तर नाहीच. "रॉयस, बायकोला आवर. ही ओहायोची पोरं दोन दिवसांसाठी आलीत, त्यांना गुहेत न्यायचा मी शब्द दिलाय."

आणि रॉयसने, ज्याच्यासाठी ओलीटाने आईचं घर विकून हे दुकान उभं केलं होतं त्या रॉयसने, तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आजच्या दिवस भर. सोमवारी मी स्वतः गेन्सव्हिलला नेतो. गळ्याची शपथ. इतके दिवस काही झालं का? आज एका दिवसात काय होणार आहे?"

ओलीटाने त्याचा हात खांद्यावरून उचलून बाजूला केला. डोक्यातला राग एकदम गार पडला, आणि गार राग तापलेल्यापेक्षा वाईट. तिने कानांवरची टोपणं काढली, हातमोजे काढले आणि दोन्ही त्याच्या छातीवर दाबले.

"बरोबर आहे तुझं. काहीच होणार नाही. भर तू."

"मी?"

"मग कोण? तुझा स्टिकर, तुझा देवमाणूस. भर."

नाही म्हणायची सोय नव्हती. मर्ल बघत होता, त्याच्यामागे ओहायोचे दोघेही येऊन उभे राहिले होते. रॉयसने मोजे चढवले. नळी जोडली, दोनदा तपासली, व्हॉल्व्ह उघडला. हवा सूं करत आत जाऊ लागली. मग तो काटा बघायचा म्हणून एक पाऊल मागे सरला. काटा तिथूनही दिसत होता, तरी आणखी एक पाऊल सरला. आणखी एक. शेवटी पाठ दाराच्या चौकटीला लागली तेव्हा थांबला. अर्धं अंग काँक्रीटच्या भिंतीआड होतं.

मर्ल तर केव्हाच अंगणात पोचला होता.

"तिथून काय दिसतं तुला?" ओलीटाने विचारलं. ती जागची हलली नव्हती. "टाकी तापते की नाही ते कळायला तिच्यावर तळहात ठेवून उभं राहावं लागतं. मी तशीच उभी राहते. ठेव हात."

"काट्यावरून कळतं गं."

"ठेव हात!"

काटा कारखान्याच्या आकड्याला टेकला, आणि मग इथल्या रितीप्रमाणे त्याच्याही पुढे चढू लागला. रॉयसच्या मानेवरून घाम ओघळत होता. त्याने एकदा बाहेर मर्लकडे पाहिलं. मर्लने नजर चुकवली. मग कुणास ठाऊक लाजेने, हट्टाने की आणखी कशाने, रॉयस भिंतीआडून निघाला. तीन ढांगांत टाकीशी पोचला, हातमोजा ओढून काढला, आणि आपला भला थोरला तळहात त्या पोलादावर ठेवला. डोळे मिटून.

ओलीटाला हेच हवं होतं. तिने हेच मागितलं होतं. पण त्याचं पोट त्या टाकीला चिकटलेलं दिसलं, दाढीखालचा कंठमणी वरखाली होताना दिसला, आणि ती किंचाळली.

"काढ हात! काढ, मूर्खा! बाजूला हो!"

तिने त्याला इतक्या जोरात ढकललं की तो बाकावर जाऊन आदळला. तिने हवा बंद केली, नळीतला दाब सोडला आणि टाक्यांचे व्हॉल्व्ह किंचित उघडून आतली हवा बाहेर सोडून दिली.

"बघ, ठेवला होता ना मी," रॉयस बाकावरून म्हणाला. त्याचा श्वास अजून जागेवर नव्हता. "ठेवला होता की नाही? आता तरी झालं समाधान?"

ओलीटा त्याच्याकडे वळली. "मला अर्धं मिनिट बघवलं नाही रे," ती म्हणाली. "अर्धं मिनिट. तुला दोन वर्षं कसं बघवलं?"

टाक्यांतून हवा सुटत राहिली. रॉयसने बराच विचार केला. त्याला खरंच उत्तर द्यायचं होतं.

"मी बघत नव्हतो गं," तो म्हणाला. "मी काउंटरवर असायचो."

हे त्याने बायकोची समजूत काढावी अशा मायेने सांगितलं.