घळीतली चार पिल्लं

जोतिराम मेंढक्याच्या हाती आयुष्यात पहिल्यांदा माइक आला आणि तिथंच घात झाला.

मनात वाईट काही नव्हतं. सप्ताहाचं सहावं कीर्तन. महिपती महाराज भूतदयेवर असे रंगले होते, की मृदंगाची थाप थेट काळजात उतरत होती. मध्येच महाराजांनी गर्दीकडं बोट केलं. "ते बघा, जोतिरामतात्या! लांडग्यानं कोकरू नेलं तर शिवी देत न्हाईत, त्याचा वाटा त्याला गेला म्हणतात. आता तर लांडग्याचीच लेकरं राखायलेत. या माऊली, पुढं या!"

टॉवेल-टोपी झाली, नारळ झाला. महाराज म्हणाले, "दोन शब्द बोला."

जोतिराम दोनावर थांबला असता तर! पण समोर सगळं गाव, अंगावर टाळ्या. "चार पिल्लं हायत," तो म्हणाला. "पाझर तलावाच्या मागं, घळीत, मोठ्या दगडाखालच्या बिळात. लई गोजिरी!"

बायकांत बसलेली त्याची गोजाबाई एकदम ताठ झाली. त्याला वाटलं, कौतुकानं.

पुण्याहून आलेली ऋतुजा दोन वर्षं या माळावर लांडग्यांचा अभ्यास करत होती. बीळ जोतिरामनंच तिला दाखवलं होतं, आणि तिनं एकच गोष्ट मागितली होती. "तात्या, ही जागा तुम्हाला आणि मला. पिल्लं फिरायला लागेपर्यंत तिसऱ्याला नको." माळ पडीक म्हणून तिथं झाडांसाठी खड्डे खणायचं ठरत होतं. इथं लांडगीण व्यालीय, पिल्लं जगलीत, हे लेखी दाखवलं तरच गवत वाचणार होतं. जोतिरामनं तिच्यापुढं बिरोबाची शपथ घेतली होती.

सकाळी मेंढरं घेऊन तो घळीशी पोचला, तर पंधरा-वीस मोटरसायकली. पार मोडनिंबहून पोरं आलेली. कुणी दगडावर चढून व्हिडिओ काढतंय, कुणी बिळात काठी घालतंय. तो ओरडला, हात जोडले. "तुमीच तर सांगितलं की काल, तात्या," एक जण हसत म्हणाला. तो पोरांना सारत बिळाशी गेला.

बीळ रिकामं होतं. लांडगिणीनं तीन पिल्लं हलवली होती. चौथं तिला नेता आलं नाही. ते पोरांबरोबर आलेल्या कुत्र्यांच्या तावडीत सापडलं.

"त्या पुण्याच्या पोरीला कोण सांगायलंय?" घरी गोजाबाई म्हणाली. "कुत्र्यांनी मारलं म्हणायचं. खोटं न्हाय की ते."

"खोटं न्हाय," जोतिराम म्हणाला, "पण खरंबी न्हाय."

भाकरी तशीच ठेवून तो उठला. कामाला सोलापूरला गेलेली ऋतुजा दुपारी स्कूटीवर परतली, तेव्हा तो घळीच्या तोंडाशीच बसला होता. उपरण्यात झाकलेलं पिल्लू त्यानं पुढं केलं आणि माइकपासूनचं सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता.

तिनं उपरणं बाजूला करून पिल्लाच्या जखमा पाहिल्या. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. "माणसं किती होती? कुत्री किती?" एवढंच विचारून तिनं वही काढली. कारणापुढं लिहिलं: गर्दी.

"तसं नगा लिवू, ताई. गर्दीला जागा कुणी सांगितली, ते लिवा. पुढं अभ्यासाला येणाऱ्या पोरीला कळू द्या, मेंढक्याला काय सांगू न्हाय ते."

"पुढच्या पोरीला मेंढक्याशिवाय बीळच सापडणार नाही, तात्या."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तो हटला नाही. शेवटी तिनं लिहिलं आणि वाचून दाखवलं: जागा अभ्यासातल्या सहकाऱ्याकडून उघड झाली.

'सहकारी.' त्यानं मान खाली घातली ती वर येईना.

"तीन पिल्लं शोधावी लागतील. सकाळी याल?" ऋतुजानं विचारलं.

"येतो. पण गावली तर मला दावू नका."

"मला कुठं माग काढता येतो?" ती म्हणाली. "तुम्हीच दाखवणार आहात."

घळीतली वाळू पोरांच्या बुटांनी तुडवून टाकली होती. जोतिराम गुडघ्यांवर टेकला आणि त्यातून लांडगिणीची पावलं शोधू लागला.