भगदाडात भरलेल्या गाद्या

मी स्पीकर बोलतोय. कमरेला लावायचा, डब्याएवढा. आजवर दुसऱ्यांचं बोलणंच मोठ्यानं सांगत आलो, आज जरा माझं ऐका.

हरीशकाकांनी मला इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या मराठी मंडळासाठी घेतलं. गणपतीत आरत्या, एरवी ‘निळी गाडी कोणाची, आडवी लागलीये’ हीच कामं. पुढे मोठा स्पीकर आला आणि मी गराजमध्ये रंगाच्या डब्यांमागे पडलो. काकांच्या मुलीनं, तनयानं, मला तिथून शोधून काढलं, तेव्हा मी इतका हरखलो की पहिल्याच ‘हॅलो’ला किंचाळलो.

तनयाला चेस्टर शहराच्या जुन्या वेढ्याच्या जागा दाखवणारी गाईड व्हायचं होतं. आवाज मागच्यांपर्यंत पोचत नाही म्हणून ती एकदा नापास झाली होती. आता शेवटची संधी, तीही माझ्या भरवशावर. मला तर आकाश ठेंगणं झालं.

परीक्षेला मंडळाची बारा माणसं पर्यटक म्हणून आली. परीक्षक बाई वही घेऊन सगळ्यांत मागे. काय खणखणीत लागलो होतो मी! १६४५ साली, इंग्लंडच्या यादवी युद्धात, पार्लमेंटच्या तोफांनी राजाच्या बाजूच्या चेस्टरचा तट फोडला, त्या जागेशी आलो. तिथली डागडुजी अजून दिसते. तनयानं तोंड उघडलं आणि मी बंद पडलो. आदल्या संध्याकाळी काकांनी माझ्यावर भजनाची प्रॅक्टिस केली आणि चार्जिंगला लावायला विसरले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तनया काहीतरी पुटपुटली. परीक्षक बाईंनी वहीत लिहिलं.

“अगं, मला काही ऐकू येत नाहीये,” मागून मंडळातल्या लीलाआजी म्हणाल्या. त्यांना तसंही कमीच ऐकू येतं. “भिंतीचं काय झालं?”

“भिंत पडला, आजी!” तनया तिच्या इंग्लंडात वाढलेल्या मराठीत ओरडली. “मग लोकांनी घरातले गाद्या आणले, फेदरवाले, आणि त्या होलमध्ये भरले!”

“अगं बाई. मग झोपले कशावर?”

सगळे हसले. आजी काय म्हणाल्या, असं परीक्षक बाईंनी विचारलं. तनयानं तिथूनच, तसंच ओरडून इंग्रजीत सांगितलं आणि मग ती थांबेचना. तोफा चालू असताना तटावर माती वाहणाऱ्या बायका, उपासमार, शेवटी शरणागती. वाटेवरचे लोकही ऐकत उभे राहिले.

तनया पास झाली. आता ती दर शनिवारी सहल नेते आणि मी तिच्या ड्रॉवरमध्ये असतो. राग नाही, उलट मी बंद पडलो म्हणूनच तिचा आवाज सुटला, हे मिरवतोच मी.

फक्त एक मागणं आहे. त्या भिंतीपाशी ती हल्ली प्रत्येक ग्रुपला आजींचाच प्रश्न विचारते म्हणे. तनया, एकदा मलाही पिशवीत टाकून ने गं. बोलायला नको, ऐकायला.