फोडायची खुर्ची

तिने लाकडी हातोडा उचलला आणि खुर्चीच्या मागच्या पायावर घातला. ती ज्या दुकानासाठी माल तपासायला आली होती, त्याचा नियमच तसा होता: कारखान्यात तयार झालेल्या मालातली एक खुर्ची निवडायची, फोडायची आणि सांध्याच्या आत पाहायचं. आत फट सापडली, भुसा आणि सरस भरून ती झाकलेली दिसली, की सगळा माल नाकारायचा. या खेपेला माल नाकारला गेला तर या कारखान्याला टाळं लागणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर ही तपासणी तिने मागून घेतली होती.

पाय निखळला. आतला सांधा स्वच्छ होता, घट्ट बसलेला. तिचं तोंड कडू झालं.

समोर कारखान्याचे मालक, तिचे मोठे काका, हात मागे बांधून उभे होते. इथेच, सगळ्या कामगारांच्या देखत, त्यांनी तिच्या वडिलांनी बनवलेली खुर्ची फोडली होती. असलं काम माझ्याकडे चालत नाही, एवढंच बोलले होते. तेही सख्ख्या भावाला. वडिलांनी पुन्हा पटाशीला हात लावला नाही. आता ते एका गोदामाची राखण करतात, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून.

"झालं समाधान, मॅडम?" काकांनी विचारलं.

"अजून एक फोडणार."

"एकच फोडायची असते."

"नियम मला नका शिकवू, काका."

दुसरीही आतून निर्दोष निघाली. संतापाने तिला रडू येईलसं झालं. कामगारांनी रंधे थांबवले होते.

काका जवळ आले. तुटलेला पाय उचलून त्यांनी बाजूला ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "धाकट्याच्या खुर्चीतही खोट नव्हती."

"मग फोडलीत कशाला?"

"माझ्यापेक्षा चांगली झाली होती. सगळे तिच्याच भोवती घोटाळत होते."

"हे मोठ्याने बोला. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

काकांनी कामगारांकडे पाहिलं. मग नकारार्थी मान हलवली.

तिने तिसरी खुर्ची पुढे ओढली. हलवून पाहिली, पाठीवरून सावकाश हात फिरवला. कुठेही काही बोटाला लागलं नाही.

"ही पण चांगली आहे," ती म्हणाली आणि तिने हातोडा उचलला.

काका गुडघ्यांवर बसले. खुर्ची सरकू नये म्हणून त्यांनी ती दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.