गाल फुगवण्यापुरता वेळ

तुम्ही मला कधी ना कधी मारलं असेल. तुम्ही नाही, तर तुमच्या घरातल्या कुणीतरी नक्की. वाईट वाटून घेऊ नका, मीही घेत नाही. मरणं हा माझा पोटापाण्याचा धंदाच आहे. माझं नाव नुमाबो. ‘तोमोशिबी’ या व्हिडिओ गेममध्ये एक मुलगी दिवा घेऊन दलदलीतून चालत येते आणि पुलाच्या अलीकडे तिला पहिला राक्षस आडवा येतो, तो मी. या खेळाचे आजवर आठ भाग निघाले आणि आठही भागांत मी त्याच पुलाशी उभा आहे. सरकारी नोकरीतही माणूस इतकी वर्षं एका जागी टिकत नाही.

माझा जन्म ओसाकातला, १९८६ सालच्या शरद ऋतूतला. खाली उदोनचं, म्हणजे रस्स्यातल्या जाड शेवयांचं दुकान, वर आमची कंपनी. माणसं सात आणि टेबलं चार. सेरिता किनुए नावाच्या सव्वीस वर्षांच्या चित्रकार बाईंनी मला चौकटीच्या कागदावर रंगीत पेन्सिलीने एकेक चौकोन भरत काढलं. सोळा चौकोन रुंदी, सोळा चौकोन उंची आणि रंग तीनच. दोन डोळे काढले तर तोंडाला जागा उरेना, म्हणून मला एकच डोळा मिळाला. हिरवं अंग, भलंमोठं तोंड आणि मागे एक छोटीशी शेपूट. ती शेपूट सेरिता-सानची (‘सान’ म्हणजे तुमच्याकडचं ‘जी’) फार लाडकी होती.

रूप त्यांनी दिलं, पण मला हलायला शिकवलं ओनोगी मासुओ यांनी. ते त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान, म्हणून त्या त्यांना ‘ओनोगी-कुन’ म्हणत. आमच्या खेळात एका सेकंदाचे साठ तुकडे होतात. मी सहा तुकडे तोंड उघडायचं आणि लगेच झेप घ्यायची, असं ठरलं होतं. डोळ्याचं पातं लवतं ना लवतं तोच मुलीचा दिवा विझायचा. मी खराखुरा भयंकर राक्षस होणार होतो.

एके दिवशी दुपारी दोघं खालून आणलेल्या उदोनचे वाडगे घेऊन खेळ तपासायला बसले. मी तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिलो.

“ओनोगी-कुन, हा असा का थांबलाय? कुणाचं तरी नाव विसरल्यासारखा.”

ओनोगींनी पुन्हा खेळून पाहिलं. मग कागद चाळले.

“माझ्या हातून एक शून्य जास्त पडलंय,” ते म्हणाले. “सहाच्या जागी साठ झालेत.”

“मग काढून टाक.”

“प्रोग्रॅमची चिप काल कारखान्यात गेली. आता शाचोंना सांगावं लागणार. नव्या वर्षाआधी खेळ दुकानात जाणार नाही, आणि तेही माझ्यामुळे.”

शाचो म्हणजे आमचे मालक. मनाने चांगले, पण त्यांचा आवाज खालच्या दुकानात जेवणाऱ्यांनाही ऐकू जायचा. सेरिता-सान उरलेलं उदोन खात राहिल्या. वाडगा खाली ठेवून त्यांनी विचारलं, “चित्रांची चिप अजून माझ्याकडेच आहे ना? ती परवा जायची आहे.”

“आहे. पण चित्राने आकडा थोडाच बदलणार?”

“आकडा नाही बदलणार. पण हा का थांबलाय ते तरी लोकांना दाखवता येईल.”

त्यांनी माझं उघडं तोंड खोडलं आणि त्या जागी मिटलेलं तोंड व टम्म फुगलेले गाल काढले. गाल मोठे झाले, जागा पुरेना, म्हणून शेपटीचे चौकोन घेतले. एकाच चित्रातली शेपूट गायब झाली तर विचित्र दिसेल, म्हणून ती सगळ्याच चित्रांतून पुसली. खोडताना त्या दोनदा “चुकलं माझं” म्हणाल्या, ते मला उद्देशून होतं. संध्याकाळी मी थांबायचो तेव्हा गाल फुगवून छातीभर श्वास घेताना दिसायचो आणि मगच झेपावायचो.

शाचोंनी खेळून पाहिलं आणि ते पोट धरून हसले. “बिचारा दम घेतोय बघा! हा कुणी सुचवला?”

ओनोगी जमिनीकडे बघत होते. “आवडला ना?” एवढंच सेरिता-सान म्हणाल्या, आणि तो विषय तिथेच मिटला.

त्या एका सेकंदाने माझं नशीब बदललं. मी गाल फुगवले की मुलीला बाजूला व्हायला सवड मिळायची. ती मागून येऊन माझ्या पाठीत दिव्याचा दांडा घालायची. मी फुस्स करून बसायचो आणि समोरचा माणूस हसायचा. मला मारताना माणसं हसतात, यासारखं भाग्य किती राक्षसांना मिळतं? भाताच्या वाडग्यात जेवायच्या काड्या खोचून ठेवून खेळणारी पोरं मी पाहिली आहेत. आईची हाक कानाआड करून ‘एवढा नुमाबो मारतो आणि येतो’ म्हणणारी तर हजारो.

दुसऱ्या भागात मला लाल आणि निळा रंग देऊन दोन चुलतभाऊ केले, म्हणजे मीच, फक्त रंगवलेला. त्यातला लाल भाऊ पुढे फार शेफारला, पण तो विषय नको.

तिसरा भाग खेळाच्या नव्या यंत्रावर निघाला. मी दुपटीने मोठा झालो, अंगावर सावली आली. ओनोगींनी सगळं नव्याने लिहिलं आणि गुपचूप साठाचे सहा केले. जुनी चूक दुरुस्त केली, असं त्यांना वाटलं. मी सपकन झेपावू लागलो. कुणी हसेना.

तेव्हा खेळाच्या खोक्यात एक पोस्टकार्ड असायचं, आपलं मत लिहून कंपनीला पाठवायला. महिनाभरात त्यांचा ढीग साठला. त्यातलं एक शाचोंनी उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवलं. आकिताहून एकाहत्तर वर्षांच्या बाईंनी लिहिलं होतं : ‘मी नातीबरोबर खेळते. नुमाबो गाल फुगवायचा तेवढ्यात मला बटण सापडायचं. या वेळी तो श्वासच घेत नाही. त्याची तब्येत बरी नाही का? काळजी वाटते.’

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या तब्येतीची चौकशी केली. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

“श्वास परत द्या त्याला,” शाचो म्हणाले. “पण ओनोगी, मुळात तो ठेवला कशासाठी होता?”

ओनोगी म्हणाले, “पहिलं यंत्र संथ होतं. म्हणून ठेवावा लागला.”

सेरिता-सानची पेन्सिल जराशी थांबली आणि पुन्हा चालू लागली. पुढे एका मासिकाच्या मुलाखतीतही ओनोगींनी हेच सांगितलं, आणि तेच खरं होऊन बसलं.

मग माझ्या अंगाची काय काय दशा झाली म्हणून सांगू! चौथ्या भागात मला त्रिकोण जोडून त्रिमितीत घडवलं. गाल फुगवले की दोन्ही गाल चेहऱ्यापासून सुटे व्हायचे आणि मधल्या फटीतून मागचा पूल दिसायचा. पाचव्यात परदेशी लोकांना भीती वाटावी म्हणून बेचाळीस दात आणि लाळ दिली. त्या भागात मला आवाजही मिळाला. लिफ्ट बंद असल्यामुळे चार मजले चढून धापा टाकत आलेल्या एका म्हाताऱ्या नटाने ‘जरा दम घेऊ द्या’ म्हणत घेतलेला श्वासच त्यांनी टिपला. तोच मी अजून वापरतो. सातव्यात मोबाइलवर आलो, गुलाबी झालो, डोक्यावर टोपी चढली. नागोयातल्या कुणाच्या तरी सोफ्यावर मी उशी म्हणून पडलोय असं ऐकतो. ज्याने ज्याने मला नव्याने घडवलं त्याचा मी ऋणी आहे, टोपीवाल्याचासुद्धा. कारण कातडी कुणीही बदलली, तरी तो सेकंद सगळ्यांनी राखला.

आता नववा भाग येतोय, आणि या शरदात त्याच सेकंदावर संकट आलं.

या भागाची सूत्रं कुरामोची चिहोच्या हाती आहेत. छत्तिशीची, हुशार, मनाने चांगली आणि कायम घाईत. तिने मीटिंगमध्ये सरळ मांडलं, “यंत्र संथ होतं म्हणून नुमाबो थांबायचा, असं खुद्द ओनोगी-सानच सांगतात. आता यंत्र संथ नाही. आजचे खेळाडू ताटकळत नाहीत. श्वास काढून टाकू या.” ओनोगी मान हलवून “हो” म्हणाले. समोर बसलेल्या सेरिता-सान गप्प राहिल्या.

खरं सांगतो, मी हादरलो. दात कुणालाही लावता येतात. श्वास गेला की मी नावापुरताच उरणार होतो.

आमच्याकडे अजून कागद फिरतो. ठरलेली गोष्ट त्यावर लिहायची, तो टेबलाटेबलावर जातो आणि जो तो आपल्या नावाचा गोल लाल शिक्का उमटवतो. माझा श्वास काढण्याच्या कागदावर पहिला शिक्का ओनोगींचा होता, अगदी सरळ आणि ठळक. शेवटी कागद सेरिता-सानकडे आला. त्या पासष्टाव्या वर्षी येत्या मार्चमध्ये निवृत्त होणार आहेत. त्यांनी कागद दोनदा वाचला, शिक्का हातात फिरवला आणि खाली डोकं वर पाय असा उमटवला. कागद अडवायचा नाही, पण मनाला पटलेलं नाही, हे सांगायची आमच्याकडच्या जुन्या माणसांची ही रीत आहे.

कुरामोची कागद घेऊन आली. “सेरिता-सान, तुमचा शिक्का उलटा पडलाय. नवा कागद आणू का?”

“पडला नाही. मारलाय.”

“पण मीटिंगमध्ये तर तुम्ही काहीच बोलला नाहीत.”

“तिथे ओनोगी-कुन बसला होता.”

एवढं सांगून त्या पुन्हा चित्राकडे वळल्या. कुरामोची कागद घेऊन ओनोगींकडे गेली. थोड्या वेळाने ओनोगी कॉफीचे दोन डबे घेऊन सेरिता-सानच्या टेबलाशी आले आणि एक डबा त्यांच्यापुढे ठेवला.

“तुम्ही मार्चमध्ये निघालात. मीही फार दिवस नाही. जाण्याआधी एक चूक निस्तरतोय, तर तीही निस्तरू देत नाही.”

“चूक तुझी असेल, गाल माझे आहेत. तू माझे गाल काढतोयस.”

“लोक म्हणतात, वा ओनोगी-सान, काय डोकं चालवलंत! कुठे तोमोशिबी चालू दिसला ना, की तेवढा सेकंद मी मान वळवतो. एकोणचाळीस वर्षं झाली, तो सेकंद मी धड पाहिलेला नाही.”

“म्हणजे तुला लाज वाटते म्हणून त्याने श्वास घ्यायचा नाही?”

ओनोगींच्या मागे कुरामोची केव्हाची येऊन उभी होती.

“ओनोगी-सान, कुठली चूक?” तिने विचारलं.

सेरिता-सान सावरून घ्यायला तोंड उघडत होत्या. ओनोगींनी हात वर केला. “राहू द्या. एकदा झाकलंत तेवढं पुरे झालं.” आणि त्यांनी सगळं सांगितलं. जास्तीचं शून्य, पुसलेली शेपूट, संथ यंत्राची थाप. सांगताना त्यांचे कान लाल झाले होते.

मला वाटलं, संपलं. चूकच होती म्हटल्यावर ती काढून टाकायला आता कुणाची हरकत असणार?

कुरामोचीने हातातला कागद पुन्हा वाचला. “म्हणजे यंत्राचा काही संबंधच नव्हता.”

“नव्हता.”

“आणि एकदा काढलात, तेव्हा लोकांनी तो मागून घेतला.”

“हो. त्याची तब्येत विचारली.”

“मग मी इथे कारण चुकीचं लिहिलंय.” तिने कागदाची घडी घातली. “चुकीच्या कारणावर घेतलेले शिक्के चालत नाहीत. हा रद्द. राहिला प्रश्न खेळाडू कंटाळतात का, तो खेळूनच बघू. ओनोगी-सान, तुम्ही खेळा.”

“मी?”

“तुम्हीच. मान न वळवता.”

भर दुपारी, सगळं ऑफिस मागे उभं असताना, त्रेसष्ट वर्षांचे ओनोगी माझ्यासमोर आले. मुलगी दिवा घेऊन पुलाशी पोचली. मी वळलो. तोंड मिटलं आणि गाल फुगवू लागलो. नव्या यंत्रात माझ्या अंगावर हजारो केस आहेत आणि गालांवरचा प्रत्येक केस फुगताना हलतो. ओनोगींचा अंगठा बटणावर होता. त्यांनी ते दाबलं नाही. बाजूलाही झाले नाहीत. तो अख्खा सेकंद ते माझ्याकडे पाहत राहिले.

मग मी झेपावलो. काय करणार, कामच आहे माझं. दिवा विझला.

“मेलात,” कुरामोची म्हणाली.

“हो,” ओनोगी म्हणाले. “परत लाव.”

तिने परत लावलं. ते परत तसेच उभे राहिले आणि परत मेले. तिसऱ्यांदा मेले तेव्हा सेरिता-सान म्हणाल्या, “अरे, एकदा तरी बाजूला हो. तेवढ्यासाठीच थांबतो तो.”

“कळतंय हो,” ओनोगी म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला. “पण बघायचं राहिलं होतं.”

नववा भाग वसंतात येईल. मी पुलाशीच असेन, गाल फुगवून. तुमच्या हाती दिवा आला तर खुशाल मारा, माझा राग नाही. मला तीन रंग देणाऱ्यांपासून हजार केस देणाऱ्यांपर्यंत आणि मला मारून पुढे गेलेल्या तुम्हा सगळ्यांपर्यंत, मी तुमचा आभारी आहे. एकच मागणं आहे. घाई नसेल तर एखाद्या वेळी बटण दाबू नका, तो सेकंदभर माझ्याकडे बघत उभे राहा. त्यात मराल, पण तेवढं चालतं. ओनोगी-सान त्या दुपारी अकरा वेळा मेले आणि हसतमुखाने घरी गेले.