भूकंप असा बसत नसतो

ऑफिसात तिच्या पाठीमागे सगळे तिला 'शंका मॅडम' म्हणायचे, आणि तिला ते ठाऊक होतं. तोंडावर मात्र 'वहिनी', कारण ऑफिस सासऱ्यांचं. सासरे जुने स्ट्रक्चरल इंजिनिअर, तोंडाने फटकळ पण हाताखालच्यांना सांभाळून घेणारे. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून ते कॉम्प्युटरसमोर बसेनासे झाले होते. म्हणून नव्या हॉस्पिटलच्या पायाचं, म्हणजे सगळ्या इमारतीखालच्या एकाच जाड काँक्रीटच्या राफ्टचं काम त्यांनी सुनेवर सोपवलं. ड्रॉइंगवर सही तिची.

इमारतीचं गणित एका प्रोग्राममध्ये व्हायचं, पायाचं दुसऱ्यात. पहिल्यातला प्रत्येक लोड, म्हणजे भार, फाइल करून दुसऱ्यात आणायचा, ही सासऱ्यांनीच घालून दिलेली पद्धत. काँक्रीटच्या आदल्या दुपारी ठेकेदाराने पाण्याच्या खड्ड्याची जागा थोडी सरकवायला सांगितली, म्हणून तिने पायाची फाइल पुन्हा उघडली आणि सहज म्हणून फक्त भूकंपाचा लोड पडद्यावर आणला.

लोडची दिशा दाखवणारे सगळे बाण खाली.

ती पाहतच राहिली. कपाट ढकललं तर पुढचे पाय जमिनीत रुततात आणि मागचे उचलतात. इमारतीचंही तेच. मग इथे दोन्ही बाजूंचे कॉलम एकदम खाली कसे दाबले जातात?

शोधत गेल्यावर घोळ सापडला. पहिला प्रोग्राम इमारतीच्या वेगवेगळ्या हेलकाव्यांची बेरीज करताना अधिक-उणे गिळून टाकत होता. हातात उरायचा तो नुसता आकडा, आणि दुसरा प्रोग्राम तो मुकाट्याने खालच्या दिशेने लावत होता.

ती तडक सासऱ्यांच्या केबिनमध्ये गेली.

"बाबा, उद्याचं काँक्रीट थांबवायला हवं."

सगळं ऐकून घेत ते चष्मा पुसत राहिले. "अगं, आपण तोच लोड उणे करूनही तपासतो की. ते विसरलीस?"

"उणे केला की सगळे कॉलम एकदम वर! म्हणजे आपला भूकंप इमारतीवर एकतर बसतो, नाहीतर तिला लिफ्टसारखी उचलतो. वाकवत कधीच नाही. आणि सगळ्या कॉलमखाली एकच राफ्ट आहे, बाबा. तो एका कडेला दबून दुसऱ्या कडेला उचलला जाईल, हे आपण तपासलेलंच नाही."

"इतकी वर्षं याच पद्धतीने केलंय. पडली का एखादी इमारत?"

"भूकंप कुठे झालाय?"

हे मात्र त्यांच्या वर्मी लागलं. "सूनबाई, ऑफिस मी उभं केलंय. सळ्या बांधून झाल्यात, पंप ठरलाय. उद्या काँक्रीट पडणार म्हणजे पडणार."

जागेवर जाऊन तिने भूकंप साध्या आडव्या बलांनी पुन्हा लावला, एकेका दिशेने, चिन्हं शाबूत ठेवून. पहिल्या प्रोग्राममधल्या एकूण धक्क्याशी बेरीज जुळवून घेतली. लिफ्टच्या भिंतींकडची कड सरळ वर उचलली जात होती, आणि तिथे राफ्टच्या वरच्या अंगाला सळ्या हव्या त्याच्या निम्म्याही नव्हत्या.

सकाळी साइटवर पंपाचा लांबलचक हात खड्ड्यावर पसरला होता. तिने हेल्मेट चढवलं, वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची उचलली, शिडीने खाली उतरली आणि सळ्यांच्या जाळीवर, लिफ्टच्या भिंतींपाशी, खुर्ची टाकून बसली.

ठेकेदार वरून ओरडला, "वहिनी, चेष्टा करताय का? मिक्सर येऊन उभे आहेत! साहेब हो म्हणालेत!"

"साहेबांची सही आहे का ड्रॉइंगवर? माझी आहे, आणि ती मी आत्ता मागे घेतली. ओता आता माझ्या डोक्यावर!"

कामगार हसू दाबत इकडेतिकडे बघू लागले. ठेकेदाराने कपाळावर हात मारला आणि फोन लावला.

सासरे आले ते तणतणतच. अवघडत एकेक पायरी चाचपत ते शिडी उतरले. तिने हात पुढे केला, तो त्यांनी झिडकारला.

"चारचौघांत माझं नाक कापलंस."

"काल केबिनमध्ये दोघंच होतो, बाबा. तेव्हा ऐकायचं होतंत."

"ऊठ."

"नाही उठणार. वर मुलांचा वॉर्ड आहे, ऑपरेशन थिएटर आहे. हलायला लागलं तर त्यांना पळता येणार नाही. हवं तर मला कामावरून काढा. पण मग दुसरा सही करणारा शोधा, आणि मी सांगितलेलं सगळं आधी त्यालाही सांगा."

वर मिक्सर घरघरत होते. त्यांनी सळ्यांच्या जाळीवरून नजर फिरवत विचारलं, "कुठली कड उचलतेय?"

तिने बोट दाखवलं. ते तिथवर चालत गेले, वाकले, वरच्या सळ्यांमधलं अंतर वितीने मोजलं. मग वर न बघताच ठेकेदाराला म्हणाले, "मिक्सर परत पाठव."

सळ्या वाढल्या, राफ्टची कड जाड झाली, काम लांबलं. घरात सासऱ्यांनी अबोला धरला. सासूबाई दोघांच्या मध्ये निरोप्याचं काम करून वैतागल्या. "तुमचा भूकंप आधी माझ्याच स्वयंपाकघरात आला," म्हणायच्या.

ती मात्र तिथेच थांबली नाही. एके दिवशी तिने त्याच पद्धतीने झालेल्या जुन्या इमारतींच्या फाइली काढल्या आणि एकेक तपासायला घेतली. ठेंगण्या इमारतींना धोका नव्हता. कॉलेजच्या उंच हॉस्टेलला होता.

सासरे केबिनमधून बाहेर आले. कितीतरी दिवसांनी तिच्याशी थेट बोलले. "हे बाहेर गेलं तर ऑफिसला टाळं लागेल, कळतंय का तुला?"

"कळतंय. पाया बाहेरून बळकट करता येतो, बाबा. पण त्यांना सांगितल्याशिवाय कसा करणार?"

तिने फोन उचलला आणि कॉलेजचा नंबर फिरवला. तिकडे घंटी वाजत होती. सासरे दाराशी घुटमळले. मग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले, हाताची घडी घालून, चेहरा तसाच रागावलेला.

"स्पीकरवर टाक," ते म्हणाले. "डिझाइन माझं होतं. मीच सांगतो."